एक कमी झाला?

रस्त्यावर मेलेल्या बिबट्याचा फोटो गावच्या ग्रुपवर पडला की दहा मिनिटांत पहिलं उत्तर ठरलेलं असतं. "बरं झालं, एक कमी झाला." त्याखाली अंगठे, हात जोडलेले, हसरे चेहरे. मग पुण्या-मुंबईतला एखादा पाहुणा रडका चेहरा टाकतो आणि सगळे त्याच्यावर तुटून पडतात, "तू ये इकडं राहायला, मग कळंल."

असं लिहिणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत तीन जीव गेले, त्यात दोन लेकरं होती. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला, तो काही हौस म्हणून नाही. २०२४ मध्ये जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांतली २३३ गावं प्रशासनानं संभाव्य बिबट आपत्तीप्रवण क्षेत्र म्हणून जाहीर केली. पूर, दरड, भूकंप यांच्या रांगेत आमच्याकडं बिबट्या बसलाय. अंधार पडला की पोरांना अंगणात सोडत नाही अशा घरांत आपण राहतो. त्यामुळं "जीवदया" वगैरे शब्द मी आज वापरणार नाही.

मला फक्त त्या तीन शब्दांचा हिशोब करायचाय. "एक कमी झाला." खरंच होतो का?

आधी रस्त्याचं बघू. बिबट्या रस्त्यावर येतो असं आपण म्हणतो. आपल्या भागात बऱ्याच ठिकाणी उलटं झालंय, रस्ता बिबट्याकडं गेलाय. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे, तिकडं आंबेगावात डिंभे. कालव्याचं पाणी आलं आणि जिथं बाजरी-मटकी व्हायची तिथं ऊस उभा राहिला. ऊस बारा महिने, कधी अठरा महिने शेतात असतो. बिबट्याला यापेक्षा चांगली जागा काय पाहिजे? आडोसा आहे, चारीला पाणी आहे, वस्तीवर कुत्री, शेळ्या, डुकरं आहेत. आज जुन्नर-आंबेगावात फिरणाऱ्या कित्येक बिबट्यांचा जन्म उसात झाला, त्यांच्या आयांचाही उसातच. "त्यांना जंगलात नेऊन सोडा" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की त्यातल्या अनेकांनी जंगल बघितलेलंच नाही.

मग महामार्ग चौपदरी झाला. नारायणगाव, मंचर, खेड इथं बायपास निघाले. बाजारपेठेतली कोंडी सुटली, त्याचा आनंद मलाही आहे. एसटीत बसून नारायणगावच्या चौकात पाऊण पाऊण तास काढलेला माणूस बायपासला विरोध करणार नाही. पण बायपास म्हणजे काय, तर रस्ता गावातून उचलून शिवारात नेला. आधी गाड्या दुकानांच्या उजेडात वीसच्या स्पीडनं रांगत होत्या. आता त्याच गाड्या दोन्ही बाजूंच्या उसातून ऐंशी-शंभरनं जातात. मधल्या डिव्हायडरवर कण्हेर वाढलेली. त्या झुडपाआड उभं असलेलं जनावर ड्रायव्हरला दिसतं तेव्हा ते बोनेटपासून चार हातांवर असतं.

आमच्या लेण्याद्रीच्या बाजूलाही तेच. अष्टविनायकाचे रस्ते चांगले झाले. संकष्टीला, त्यातून अंगारकी असली तर, पहाटे दर्शन घ्यायचं म्हणून बाहेरच्या गाड्या रात्रीच निघतात. ओझर करून लेण्याद्री, नाहीतर लेण्याद्री करून ओझर. पायऱ्या चढायच्या आधी ऊन नको म्हणून घाई. त्यांना रस्ता गुळगुळीत दिसतो. रस्त्याला लागून असलेला ऊस, पलीकडची नदी आणि या दोन्हींमधली जनावरांची जुनी वाट त्यांना दिसत नाही. ती आपल्याला माहीत असते. कुठल्या मोरीपाशी संध्याकाळी कुत्री भुंकायला लागतात, कुठल्या वळणावर माती ठसे धरते, हे इथल्या प्रत्येक दूधवाल्याला विचारा.

दोन वर्षांपूर्वीची एक रात्र सांगतो. चुलतभावाच्या पिकअपमध्ये टोमॅटोचे क्रेट खाली करून आम्ही बाजारातून परत निघालो होतो. साडेदहा-अकराचा सुमार. पुढं गाड्या थांबलेल्या. आधी वाटलं ट्रॉली पलटी झाली असेल. उतरून बघितलं तर साईडपट्टीवर बिबट मादी पडलेली. पुढचे पाय चालत होते, मागचे नाही. ती पुढच्या पायांवर उसाकडं सरकायचा प्रयत्न करत होती आणि दर वेळी फूटभर सरकून थांबत होती. धडक देणारी गाडी निघून गेलेली. रस्त्यावर बंपरचा काळा तुकडा आणि काचेचा चुरा.

बघता बघता पन्नास-साठ माणसं जमली. मोबाईलचे टॉर्च तिच्या तोंडावर. एक पोरगा तिच्यापासून दहा फुटांवर पाठ करून सेल्फी घेत होता. त्याच्या मागं ती गुरगुरत होती आणि लोक हसत होते. मला त्या रात्री बिबट्याची भीती वाटली नाही, गर्दीची वाटली. कंबर मोडलेला बिबट्या पुढच्या दोन पायांवर दहा फूट येऊ शकत नाही, हे त्या पोराला कुणी सांगितलं होतं?

भावानं पिकअप आडवी लावली. एका म्हाताऱ्या बाबांनी, दूध घालून परत चाललेले होते, हातातली बॅटरी विझवली आणि मोठ्यानं ओरडले, "बत्त्या बंद करा रे, आणि मागं व्हा. मरताना तरी तिच्या डोळ्यात उजेड घालू नका." कुणाचं ऐकलं नसतं त्या पोरांनी, पण बाबांचं ऐकलं. वनरक्षक आले, मग जाळी आणि पिंजरा घेऊन गाडी आली, भुलीचं इंजेक्शन दिलं. तिला माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात नेलं. सकाळी कळलं, मणका तुटला होता, वाचली नाही. आणि डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. तिची आचळं दुधानं भरलेली होती.

म्हणजे त्या रात्री कुठल्यातरी उसात बछडी वाट बघत होती. दोन दिवस वन कर्मचारी आणि ऊसतोडीची टोळी फडातून फिरली. तिसऱ्या दिवशी एक बछडं सापडलं. आणखी होतं की नव्हतं, कुणालाच कळलं नाही.

आता हिशोब करा. एक कमी झाला का?

बछडी वर्ष-दीड वर्ष आईबरोबर राहतात, शिकार तिच्याकडून शिकतात. आई मेली की लहान असतील तर उपासमारीनं मरतात. जरा मोठी असतील तर अर्धवट शिकलेली, उपाशी जनावरं वस्तीच्या आसपास सोपं काय मिळेल ते शोधत फिरतात. सोपं काय, तर कोंबडी, शेळी, कुत्रं. बाकीचं मी लिहीत नाही.

नर मेला तर? नराचा इलाका असतो. तो असेपर्यंत दुसऱ्या नरांना तिथं सहज जागा नसते. तो गेला की ती जागा रिकामी राहत नाही, बाहेरून तरुण नर येतात, त्यांची आपसात मारामारी होते. जुन्या नराला कुठली वस्ती, कुठला कुत्रा, कुठली वाट हे ठाऊक होतं. नव्याला काहीच ठाऊक नसतं.

आणि जखमी होऊन उसात गेला तर सगळ्यात वाईट. ज्याला धावता येत नाही तो जनावर धरू शकत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच उसात आपली माणसं दारं धरायला जाणार असतात.

बिबटे उचलून कमी होतात का, याचा प्रयोग आपल्याच तालुक्यात झालेला आहे. २००१ च्या फेब्रुवारीपासून जुन्नर भागातले बिबटे पकडून लांब सोडायला सुरुवात झाली. त्याचा अभ्यास विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, उचलून सोडायला लागल्यावर ते वर्षाला १७ झाले. म्हणजे घडी विस्कटली की भोग आपल्याला. नरभक्षक ठरलेल्या जनावराचा बंदोबस्त व्हायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण हायवेवर कुठलीतरी गाडी कुठल्यातरी बिबट्याला उडवते तेव्हा ती गुन्हेगार निवडून उडवत नाही.

याच भागातल्या एका बिबट्याची गोष्ट पुष्कळांना माहीत असेल. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला होता. त्याला बाहेर काढून, गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. त्याचं नाव ठेवलं आजोबा. आजोबा महिन्याभराच्या आत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापाशी पोचला. वाटेत मुंबई-आग्रा महामार्ग, रेल्वेची लाईन, वसईची खाडी, एवढं सगळं त्यानं ओलांडलं. एका माणसाला ओरखडा काढला नाही. २०१४ मध्ये त्याच्यावर मराठी सिनेमाही आला. पण खरा शेवट त्याआधीच झाला होता. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीच्या धडकेत तो मेला. एवढं हुशार जनावर, माणसांच्या गर्दीतून वाट काढणारं, त्याला ऐंशीच्या वेगाचा हिशोब जमला नाही.

जमणारही नाही. बिबट्याचे डोळे अंधारासाठी बनलेत, थोड्या उजेडात त्याला आपल्या कितीतरी पट जास्त दिसतं. त्याच डोळ्यांवर अप्पर लाईट पडला की तो जागच्या जागी थबकतो. आपल्याला वाटतं, माजलाय, हटत नाही. त्याला काही दिसतच नसतं.

आणि आपल्याला तरी जमतो का? ऐंशीच्या वेगात गाडी एका सेकंदाला २२ मीटर जाते. जनावर दिसणं, मेंदूला कळणं, पाय ब्रेकवर जाणं यात एक-दीड सेकंद जातो. त्यानंतर ब्रेक लागून गाडी उभी राहायला कोरड्या डांबरावर आणखी ३५ मीटरच्या आसपास. म्हणजे साठ-सत्तर मीटर. डिप्पर लाईटमध्ये तेवढं लांबचं दिसतच नाही. पन्नासच्या वेगात हेच अंतर निम्म्यावर येतं. निम्म्यावर. यात कुठलाही प्राणीप्रेमाचा मुद्दा नाही, हे गणित आहे. समोर बिबट्याच्या जागी रस्ता ओलांडणारी आजी असली तरी हेच गणित, आणि टेललाईट नसलेली उसाची ट्रॉली असली तरी हेच.

चारचाकीवाल्याचं बंपर जातं, रेडिएटर जातो. दुचाकीवाल्याचं काय? आपल्याकडं रात्री दुचाकीवर कोण असतं? शेतीपंपाची लाईट रात्रीची म्हणून पाणी द्यायला निघालेला, चाकणच्या कंपनीतून सेकंड शिफ्ट करून येणारा, पहाटे दूध घालायला जाणारा. बिबट्या सोडा, रानडुक्कर आडवं आलं तरी तो गेला. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर घरच्यांना शासन २५ लाख देतं. पण डुक्कर गाडीला धडकून माणूस पडला आणि मेला, तर तो हल्ला की अपघात? हा प्रश्न घेऊन त्या घरानं किती ऑफिसांच्या पायऱ्या झिजवायच्या? याचं उत्तर आमदार-खासदारांनी लेखी मिळवून द्यावं, एवढी मागणी तरी पक्ष न बघता करता येईल.

आता धडक झालीच तर काय करायचं, ते सांगतो, कारण हे कुणी शिकवत नाही.

गाडी थोडी पुढं नेऊन बाजूला लावा, चारी इंडिकेटर चालू करा. जनावर पडलेलं असेल तर खाली उतरून जवळ जाऊ नका. मेलंय असं वाटलं तरी नाही. कित्येकदा ते फक्त बेशुद्ध असतं. वन विभागाची हेल्पलाईन १९२६ आहे, तिथं फोन करा. माणूस जखमी असेल तर आधी ११२. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. फोनवर जागा नीट सांगा, किलोमीटरचा दगड, जवळची मोरी, हॉटेल, फाटा. जनावर उसात गेलं असेल तर कुठल्या बाजूला गेलं हे लक्षात ठेवा आणि त्या वस्तीवर तेवढ्याच रात्री निरोप पोचवा. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे. ड्रायव्हर घाबरून पळून जातो आणि सकाळी त्या उसात कोण जाणार आहे याची त्याला कल्पनाही नसते.

गुन्हा दाखल होईल म्हणून लोक थांबत नाहीत, हे मला माहीत आहे. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळं चौकशी होणारच. पण थांबून कळवणाऱ्याची बाजू पंचनाम्यात येते, पळणाऱ्याची येत नाही. आणि विम्याचा क्लेम करायचा असेल तर त्याच पंचनाम्याची प्रत उपयोगी पडते. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर स्वतःच्या गाडीचा खर्च मिळत नाही, हेही आत्ताच कागद काढून बघून ठेवा.

मेलेल्या जनावराला हात लावू नका. कायद्यानं ते सरकारी मालमत्ता आहे. नख, मिशी, कातडं तर सोडाच, पण रस्त्यावर मेलेलं डुक्कर किंवा ससा उचलून घरी नेणं हासुद्धा गुन्हा आहे. अमेरिकेत काही राज्यांत गाडीखाली आलेलं हरीण परवाना काढून घरी नेता येतं, आपल्याकडं नाही. आपल्याकडं बिबट्याचं शवविच्छेदन होतं आणि नखं-दात मोजून, सगळ्यांसमोर त्याचं दहन केलं जातं. का, तर त्याचा एकही तुकडा बाजारात जाऊ नये म्हणून.

आता मूळ मुद्दा. त्या दहनानंतर पंचनामा फाईलला लागतो. त्यात जागा, वेळ, तारीख सगळं असतं. पण ती फाईल वन विभागाच्या कपाटात आणि रस्ता दुसऱ्याच खात्याचा. दोन्ही कागद कधी एका टेबलावर येतात का? पाच वर्षांचे पंचनामे काढून नकाशावर टिंबं मारली, तर मी पैजेवर सांगतो, टिंबं विखुरलेली नसतील. ती मोजक्या मोऱ्यांपाशी, ओढ्यांपाशी, चारी रस्त्याला मिळते तिथं गोळा होतील. २३३ गावांची यादी करता येते, तर रस्त्यावरच्या या जागांची का नाही?

उपाय काही चंद्रावरून आणायचे नाहीत. आपल्याच राज्यात पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या नागपूर-सिवनी महामार्गावर जनावरांसाठी ९ ठिकाणी खालून वाटा सोडल्यात. त्या वाटांनी वाघ, चितळ जाताना कॅमेऱ्यात आलेत. समृद्धी महामार्गावरही अशा वाटा केल्यात. तिथं जंगल होतं म्हणून केल्या, आमच्याकडं ऊस आहे म्हणून नाही. पण बिबट्या तर आमच्याकडं जंगलापेक्षा उसात जास्त आहे!

एवढे पैसे आज नसतील तर आज होण्यासारखं सांगतो. ज्या मोऱ्या आहेत त्या कचऱ्यानं आणि झुडपांनी बुजल्यात, त्या मोकळ्या करा. कोरडी मोरी मिळाली तर बिबट्या हौसेनं डांबरावर येत नाही. त्या जागांवर डिव्हायडरची झाडी कमरेच्या खाली छाटा. दोन्ही बाजूंना रंबलर आणि चमकणारे फलक लावा, "वन्यप्राणी" एवढंच मोघम नको, पुढच्या एवढ्या मीटरमध्ये असं नेमकं. शेतीची लाईट दिवसा द्या, रात्रीच्या निम्म्या दुचाक्या आपोआप घरी राहतील. आणि पुणे-नाशिक दरम्यान नवीन रस्त्यांची, रेल्वेची चर्चा चालूच आहे. वाटा मागायच्या तर त्या आराखड्यातच मागाव्या लागतात, काँक्रीट पडल्यावर नाही.

आपल्याही हातात एक गोष्ट आहे, थोडी कडू लागेल. हॉटेलांचं उष्टं, चिकनच्या दुकानांची पिसं-आतडी, पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या, हे सगळं रात्री गुपचूप कुठं पडतं? रस्त्याकडेच्या ओढ्यात. त्यावर कुत्री जमतात, कुत्र्यांवर बिबट्या येतो, आणि मग आपण विचारतो हा हायवेला कसा आला. त्याला आपणच ताट वाढून बोलावलंय.

उसाचा हंगाम लागला की फड मोकळे होतात आणि जनावरं हलतात. त्याच दिवसांत ट्रॉल्याही रस्त्यावर, यात्रेच्या गाड्याही रस्त्यावर. म्हणून येत्या ग्रामसभेत एक ठराव घ्या. आपल्या हद्दीत रस्त्यावर जनावरं कुठून कुठं जातात त्या जागा, मोरीचा नंबर किंवा जवळच्या शेताची खूण घालून लिहा. दूधवाले, पाणी धरणारे, टोळीचे मुकादम यांना विचारून लिहा. एक प्रत वन परिक्षेत्र कार्यालयाला, एक रस्त्याच्या खात्याला, एक तहसीलदारांना. तिन्हींवर पोच घ्या.

आणि पुढच्या वेळी ग्रुपवर तसला फोटो आला तर अंगठा द्यायच्या आधी एवढंच विचारा, कुठं झालं, मादी होती का, आणि कुठल्या उसाच्या कडेला.